हिशेबाची वही आणि आपली लेकरं : सीएच्या परीक्षेविषयी

मराठवाड्यातल्या कुठल्याही बौद्ध वस्तीत जा आणि बारावी झालेल्या पोरांना विचारा, पुढं काय? उत्तरं ठरलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, बँकेची क्लार्कची परीक्षा, नर्सिंग. आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यातल्या गावांमध्ये काम करताना मी हीच यादी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. चार्टर्ड अकाउंटंट हा शब्द त्या यादीत येत नाही. कधी मीच काढला, तर पोरं हसतात आणि म्हणतात, "सर, ते आपल्यासाठी नाही." कॉमर्सला गेलेली, अकाउंट्समध्ये चांगले मार्क पडलेली पोरंसुद्धा हेच म्हणतात.

हे वाक्य त्यांच्या तोंडी कुठून आलं, याचा शोध घ्यायला हवा, कारण ते त्यांचं नाही.

गावगाड्यात लिहिण्याचं काम कुणाचं होतं? वही कुलकर्ण्याकडं होती, आमच्या निजामी मुलखात पटवाऱ्याकडं होती. गावचा वसूल गोळा झाला की ती थैली तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवणं हे महारांच्या वतनी कामांपैकी एक काम होतं. म्हणजे पैसा सांभाळून न्यायला महार विश्वासाचा होता, तो किती आहे हे लिहायला आणि वाचायला मात्र नव्हता. रात्री-अपरात्री थैली डोक्यावर घेऊन जाणाऱ्याला त्या थैलीचा आकडा माहीत नसायचा. बलुतं, इनाम, येणं, देणं या सगळ्यांची नोंद दुसऱ्याच्या हाती होती, आणि ज्याच्या हाती नोंद त्याच्या हाती माणूस.

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं हंगाम संपल्यावर ऊसतोडीहून परतलेल्या जोडप्याशी बोलावं. उचल किती घेतली होती, किती फिटली, किती पुढच्या वर्षावर गेली, हे मुकादमाची वही सांगते. जोडप्याला फक्त कोयता माहीत. आमच्याकडं हळद काढणीचं गुत्तं घेणाऱ्या बायांचंही तेच. आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई कशी कापली, हे छोट्या शेतकऱ्यालासुद्धा सांगता येत नाही, मग मजुराचं काय? आणि जरा आपल्याच अंगणात बघू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. आपल्या किती विहार समित्यांचे, शिक्षण संस्थांचे, महिला मंडळांचे हिशेब वेळेवर तपासलेले असतात? तपासनीस शोधायला आपण कुठं जातो, आणि त्यानं दिलेल्या कागदावर काय लिहिलं आहे हे सही करणाऱ्या अध्यक्षाला समजतं का? मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थांच्या योजनेत सरकारी भागभांडवल होतं, सरकारी कर्ज होतं, कागदावर आपली माणसं संचालक होती. त्यातल्या कित्येक संस्था दुसऱ्याच कुणी चालवल्या आणि दुसऱ्याच कुणी संपवल्या, हे कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही. ताळेबंद वाचता येणारा एक जरी माणूस आपल्या बाजूनं बसलेला असता, तर ते इतकं सोपं झालं नसतं.

आता बाबासाहेबांकडं येतो. १४ एप्रिलच्या भाषणात 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळं' हे वाक्य आपण टाळ्यांसाठी वापरतो. पण 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हातात घेऊन पहिली वीस पानं वाचलेला वक्ता मला क्वचित भेटला. महाराष्ट्र शासनाच्या लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात बाबासाहेबांचं अर्थशास्त्रीय लेखन एकत्र आहे. तोच खंड विहारातल्या कपाटात सगळ्यात कोरा असतो.

बाबासाहेबांचं पैशाच्या शास्त्राशी नातं पुस्तकापुरतं नव्हतं. बडोद्याहून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं आली नाहीत आणि तो बंद करावा लागला. पुढं १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथं विद्यार्थी वर्ग भरून ऐकायचे, आणि सहकारी प्राध्यापक पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर करायचे. आणि एक गोष्ट आपल्या भाषणांत कधीच येत नाही. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्याख्याते होते. विषय होता व्यापारी कायदा. म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या वर्षी झाला, त्या वर्षी बाबासाहेब हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना व्यापारी कायदा शिकवत होते. त्या कायद्याचा पाया असलेला १८७२ चा करार कायदा आजही सीए फाउंडेशनच्या दुसऱ्या पेपरात आहे. 'ते आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्या पोराला मी हे सांगतो. तो विषय शिकवायला आपला बाप होता.

घटना समितीत ३० मे १९४९ रोजी महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना, हा बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं मत बाबासाहेबांनी मांडलं. कायदामंत्री स्वतः, घटना लिहिणारा स्वतः, आणि सर्वांत महत्त्वाचा कोण तर हिशेब तपासणारा. त्यानंतर महिन्याभरानं, १ जुलै १९४९ ला, त्याच वर्षीच्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानं आजची सीएची संस्था सुरू झाली. आज तिचे चार लाखांहून अधिक सदस्य आहेत. त्यात आपले किती? निकालाच्या पत्रकात जातीचा रकाना नसतो, त्यामुळं आकडा नाही. पण आपल्या तालुक्यातले, जिल्ह्यातले मोजायला बोटं पुरतात की नाही, एवढं प्रत्येकानं स्वतःच बघावं.

परीक्षेबद्दल सरळ बोलू, कारण या विषयावर स्वप्न विकणारे खूप आहेत आणि मला त्यात भर घालायची नाही. परीक्षा अवघड आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतिम परीक्षेचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के उत्तीर्ण झाले, मे २०२४ मध्ये १९.८८ टक्के. जून २०२४ च्या फाउंडेशनचा निकाल १४.९६ टक्के होता. दहातले आठ-नऊ जण नापास होतात. पण त्या आठ-नऊ जणांत पिढीजात व्यापाऱ्यांची, सीएच्याच घरातली मुलंही असतात. ती नापास झाली म्हणून त्यांच्या घरी कुणी म्हणत नाही की आपल्या जातीच्या डोक्यात हे बसत नाही. पुढच्या वेळी दे, एवढंच म्हणतात. आपलं पोरगं एकदा नापास झालं की अख्खी वस्ती त्याला पोलीस भरतीच्या मैदानावर आणून सोडते. बाबासाहेबांचा लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी परत पाठवला होता. त्यांनी मुंबईला परतून तो नव्यानं मांडला, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि १९२३ मध्येच पदवी मिळवली. नापास होण्याची लाज कुणी बाळगायची याचा हिशेब त्यात आला.

पास होण्याचं गणितही पोरांना आधी कळायला हवं. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० लागते. तीन पेपरांत ४०-४०-४० पडले तर प्रत्येक पेपर निघाला, पण ग्रुप गेला, कारण १२० होतात आणि १५० हवे असतात. म्हणून ज्या विषयात हात बसलेला आहे, त्यात ७० पर्यंत जावं लागतं आणि नावडता विषय ४० च्या वर ठेवावा लागतो. इंटर आणि फायनलमध्ये एका पेपरात ६० पडले आणि ग्रुप राहिला, तर त्या पेपराची पुढच्या तीन प्रयत्नांपुरती सूट मिळते. फाउंडेशनच्या वस्तुनिष्ठ पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथं पोलीस भरतीची 'ठोकून दे' सवय मारक ठरते. आणि करांचा विषय दरवर्षीच्या अर्थसंकल्पानं बदलतो. चुलतभावाची चार वर्षांपूर्वीची पुस्तकं वापरून मुलं जे पाठ करतात, तो कायदा आता अस्तित्वात नसतो. वर्ष बघून पुस्तक घ्या.

खरी खिंड भाषेची आहे. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. बाळापूरच्या मराठी माध्यमातल्या कॉमर्सच्या पोराला रोजकीर्द येते, खतावणी येते, तेरीज जुळवता येते, घसारा म्हणजे काय हे तो शेजारच्या ट्रॅक्टरवरून समजावून सांगतो. तोच पोरगा 'डेप्रिसिएशन' वाचून गप्प बसतो. त्याला विषय येत नाही असं शिक्षकाला वाटतं, हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागतं. याला उपाय म्हणून इंग्रजी बोलण्याचा क्लास लावू नका, तो पैसा वाया जातो. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी शब्द आणि त्याची इंग्रजीतली दोन ओळींची व्याख्या. घसारा, ताळेबंद, धनको, ऋणको, येणे, देय, राखीव निधी, भागभांडवल. असे शब्द चारशे-पाचशे आहेत, लाखभर नाहीत. उत्तर लिहिताना तीच ठरलेली वाक्यं लागतात. तीन-चार महिने रोज दोन उत्तरं हातानं लिहिली की कायद्याच्या पेपराची इंग्रजी बसते. संस्थेची अभ्यासपुस्तकं, सरावाचे पेपर, मागच्या परीक्षांची नमुना उत्तरं संकेतस्थळावर मोफत आहेत. संस्थेचे थेट वर्गही मोफत असतात. शहरातल्या क्लासच्या फलकावरचे हसरे फोटो बघून घर गहाण टाकण्याआधी हे चार महिने करून बघा.

'मेरिट'वाल्यांशीही इथं बोलायला हवं. सीएच्या परीक्षेत आरक्षण नाही, गुणांत सवलत नाही. त्यामुळं आरक्षणविरोधक तिचं उदाहरण देतात, बघा, शुद्ध गुणवत्ता. पेपरापुरतं मी ते मान्यही करतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, तोंडी मुलाखत नसते. मराठवाड्यातल्या मुलाखतींच्या गुणांचा अनुभव असलेल्यांना याची किंमत कळेल. पण सीए फक्त पेपरानं होता येत नाही. इंटरचे दोन्ही ग्रुप काढल्यावर दोन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते, आणि तिथं आडनाव दिसतं.

आमच्या भागातल्या एका मुलीनं इंटर काढलं. आई हळदीच्या कामाला जाते, वडील नाहीत. आर्टिकलशिपसाठी ती शहरातल्या एकामागून एक चार कार्यालयांत गेली. कुणी अपमान केला नाही, तो आता कुणी तोंडावर करत नाही. विचारलं काय, तर गावात घर कुठं आहे, ओळखीचं कुणी व्यवसायात आहे का, कुणाच्या ओळखीनं आलात. मग 'कळवतो'. चार ठिकाणचा 'कळवतो' अजून आलेला नाही. पाचव्या ठिकाणी एका मुस्लिम सीएंनी तिला एक जीएसटीचं विवरण भरायला दिलं, तपासलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं. तिनं मला नंतर विचारलं, "दादा, पहिल्या चौघांनी काम करून बघायला का नाही सांगितलं?" समाजशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजिक भांडवल म्हणतात. पुस्तकात ते फार सभ्य दिसतं. ज्याच्या काकाचं कार्यालय आहे, त्याला ही पायरी आहे हेसुद्धा जाणवत नाही, आणि तोच नंतर गुणवत्तेवर व्याख्यान देतो.

त्यात विद्यावेतनाचा प्रश्न. संस्थेनं २०२० मध्ये किमान विद्यावेतन दुप्पट केलं, तरी पहिल्या वर्षाला मोठ्या शहरात ते महिना २००० रुपये आणि चार लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावात १००० रुपये झालं. नांदेडला खोली आणि मेस यात बसवून दाखवा. ज्याच्या घरून महिन्याला पैसे येतात, त्याच्यासाठी हे शिक्षण आहे. ज्यानं घरी पैसे पाठवायचे असतात, त्याच्यासाठी ही दोन वर्षांची उपासमार आहे. पेपर सगळ्यांना सारखा असतो, तो द्यायला बसलेल्यांची पोटं सारखी नसतात.

संस्थेची फी मात्र लोक समजतात तेवढी नाही. फाउंडेशनची नोंदणी नऊ हजारांच्या आसपास, इंटरच्या दोन्ही ग्रुपची अठरा हजार, फायनलची बावीस हजार. परीक्षा शुल्क आणि सक्तीची प्रशिक्षणं धरून, सगळं पहिल्या फटक्यात निघालं तर, लाखाच्या आत भागतं, तेही चार-पाच वर्षांत विभागून. खाजगी डी. फार्मसीला एका वर्षात याहून जास्त घालवणारी घरं मला माहीत आहेत. शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीतल्या अभ्यासक्रमांच्या यादीत सीए, आयसीडब्ल्यूए, सीएस ही नावं लिहिलेली आहेत. पण सीएचा विद्यार्थी कुठल्या कॉलेजात हजेरी लावत नाही, घरून शिकतो, म्हणून कॉलेजमार्फत चालणाऱ्या यंत्रणेत तो कुठं बसतो हे कुणी सांगत नाही. हे समाजकल्याण कार्यालयाला तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर व्यवहारी मार्ग असा, की जवळच्या कॉलेजात नियमित बी.कॉम. करा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह त्यावर घ्या, सोबत सीए करा. फाउंडेशन जमलं नाही तरी वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की थेट इंटरला प्रवेश मिळतो. बार्टी बँक, रेल्वे, एलआयसीच्या भरतीची तयारी करून घेते. सीए इंटरच्या मुलांना आर्टिकलशिपच्या दोन वर्षांचं विद्यावेतन द्या, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात मी अजून वाचलेली नाही. आपण मागतच नसू तर बार्टीला दोष काय द्यायचा?

चळवळीतले काही मित्र म्हणतील, हा भांडवलदारांची कारकुनी शिकवायला निघाला. मी त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. करचुकवेगिरी करून देणारा आणखी एक सीए आपल्या जातीतून निघाला, तर त्याचा सत्कार करायला मी येणार नाही. पण अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडं वळवला, असं मोर्च्यात ओरडणारे आपण, अर्थसंकल्पाच्या पुस्तकातलं नेमकं लेखाशीर्ष कोणतं हे सांगायला आपल्याकडं कोण आहे? 'स्टँड अप इंडिया'त २०१६ पासून २०२५ पर्यंत दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती. बँकेचा मॅनेजर प्रकल्प अहवाल मागतो, आणि तो करून घ्यायला आपला उद्योजक पुन्हा त्याच कार्यालयाच्या बाकावर बसतो, जिथं त्या मुलीला 'कळवतो' म्हणाले. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत मुंबईत १९५३ मध्ये वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं वेगळं सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, ते कारकून वाढवायला काढलं असेल का?

सगळ्यांनी सीए करावं, असं मी म्हणत नाही. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये, आयुष्याची पाच वर्षं जातील. पण ज्या पोरीला रात्री अकरा वाजता न जुळणारी तेरीज जुळवल्याशिवाय झोप येत नाही, अशी एक तरी पोरगी प्रत्येक गावात असते. आपलं काम तिला शोधायचं आहे.

नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या सीए बांधवांना एक विनंती आहे. तुम्ही जयंतीला देणगी देता, धम्म परिषदेला देता. एक वर्ष देणगी कमी द्या, आणि आपल्या कार्यालयातली आर्टिकलची एक जागा खेड्यातल्या मुला-मुलीसाठी ठेवा. किमान विद्यावेतनावर थांबू नका, खोलीभाडं निघेल एवढं द्या. तुम्ही ज्या बाकावर बसून वाट पाहिली होती, तो तुम्हाला आठवत असेल.

आणि जयंती मंडळांना. फाउंडेशन आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. सप्टेंबरच्या परीक्षेला बसायचं, तर १ मेपर्यंत नोंदणी करावी लागते. १४ एप्रिलनंतर सतरा दिवस उरतात. एका विद्यार्थ्याच्या नोंदणीला साधारण नऊ हजार लागतात. तुमच्या गावच्या मंडळानं गेल्या वर्षी एका रात्रीच्या डीजेला किती मोजले, ते वर्गणीच्या वहीत लिहिलेलं आहे. यंदाच्या पहिल्या बैठकीला ती वही काढा, दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि गावातल्या बारावी कॉमर्सच्या मुलामुलींची नावं त्याच पानावर खाली लिहायला घ्या.